डिप्रेशनची गोळी सोडायची, पण कशी?

बाराबंकी, सीतापूर, हरदोई, उन्नाव, रायबरेली हे लखनौच्या चहुबाजूंचे जिल्हे. तिथली माणसं पहाटेची बस पकडून लखनौला येतात, चौकातल्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठाच्या ओपीडीत नंबर लावतात, डॉक्टरांपुढे दोन-चार मिनिटं बसतात आणि महिन्याभराच्या गोळ्या पिशवीत टाकून संध्याकाळच्या बसने गावी परततात. महिना कसा सरतो, कळत नाही. तोवर कुणाच्या घरी गव्हाची कापणी निघते, कुणाच्या मुलीची बोर्डाची परीक्षा येते, कुणाकडे बसच्या भाड्याला पैसे नसतात. स्ट्रिपमधली शेवटची गोळी संपते. ‘आता बरं वाटतंय की, कशाला जायचं?’ असं म्हणून फेरी पुढे ढकलली जाते.

गोमतीनगरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना बसभाड्याची चिंता नसते, पण गोळी तिथेही अशीच एके दिवशी बंद होते. कारणं तेवढी निराळी. मुलीच्या स्थळाकडची मंडळी घरी येणार असतात आणि औषधांचा डबा त्यांच्या नजरेला पडायला नको असतो. कुणी शेजारीण सांगते, ‘या गोळ्यांनी वजन वाढतं.’ कुणाला दिवस गेल्याचं कळतं आणि ती घाबरून त्याच रात्री गोळ्या कचऱ्यात टाकते. आणि कुणाला खरोखरच बरं वाटू लागलेलं असतं.

पहिला दिवस ठीक जातो. दुसराही. साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी चक्कर येऊ लागते. मान वळवली, नजर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फिरवली की डोक्यात वीज चमकून गेल्यासारखा झटका बसतो. मळमळतं, घाम फुटतो, ताप नसताना तापासारखं अंग दुखतं. रात्री झोप लागत नाही आणि लागली तर अशी भडक, खरीखुरी वाटणारी स्वप्नं पडतात की माणूस दचकून उठतो. दूध उतू गेलं एवढ्यावरून रडू कोसळतं. नवऱ्यावर, मुलांवर विनाकारण चिडचिड होते आणि मग त्या चिडण्याचंच वाईट वाटत राहतं.

घरातली मंडळी यावर दोनपैकी एक निदान करून मोकळी होतात. एक म्हणजे, ‘आजार उलटला, आता ही गोळी जन्माची.’ दुसरं, ‘बघा, आम्ही म्हणत नव्हतो? या गोळ्यांचं व्यसन लागतं!’ बहुतेक वेळा ही दोन्ही निदानं चुकीची असतात. डिप्रेशनची गोळी एकदम थांबवल्यावर शरीर जी कुरबूर करतं, तिला डॉक्टर ‘विड्रॉवल’ म्हणतात. ती खरी असते, मनाचे खेळ नसतात. आणि गोळी सोडण्याची रीत बदलली तर ती बऱ्याच अंशी टाळता किंवा कमी करता येते.

नवाबांच्या शहरातली मनाची औषधं

मराठी माणसाला लखनौ आठवतं ते चिकनच्या कुर्त्यांमुळे, कबाबांमुळे, नाहीतर १९२६ साली पंडित विष्णू नारायण भातखंडे यांनी तिथे सुरू केलेल्या संगीत महाविद्यालयामुळे. पण मनाच्या आजारांवरच्या उपचारांतही या शहराने आपली भर घातली आहे. १९५० साली अमेरिकन मिशनरी ई. स्टॅन्ले जोन्स यांनी इथल्या लालबाग भागात ‘नूर मंझिल’ हे मनोरुग्णांसाठीचं केंद्र काढलं. हिंदुस्थानातल्या आपल्या सुरुवातीच्या वर्षांत जोन्स स्वतः मानसिकदृष्ट्या कोसळले होते, त्यामुळे ही कळकळ उसनी नव्हती. पुढे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात एर्ना होख या स्विस मनोविकारतज्ज्ञ बाईंनी नूर मंझिलची धुरा सांभाळली.

नूर मंझिलनंतर वर्षभरात, फेब्रुवारी १९५१ मध्ये, गोमतीकाठच्या छत्तर मंझिल या नवाबी महालात पंडित नेहरूंनी केंद्रीय औषध संशोधन संस्थेचं उद्घाटन केलं. महालाच्या दालनांत उंदीर-सशांचे पिंजरे आणि काचेच्या नळ्या, असा तो थाट! संस्था आता सीतापूर रोडवरच्या नव्या आवारात आहे. घरोघरी माहीत असलेली ‘सहेली’ ही गर्भनिरोधक गोळी इथलीच. डिप्रेशनवरचं ‘सेंटप्रोपाझिन’ नावाचं एक औषधही याच संस्थेत तयार झालं, पण ‘सहेली’चं नशीब त्याच्या वाट्याला आलं नाही. आज लखनौच्या अमीनाबादमधल्या औषधबाजारात खोकीच्या खोकी रिकामी होतात ती एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन, पॅरॉक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन अशा परदेशात शोधलेल्या औषधांची.

ही औषधं नसण्याच्या काळात काय होतं, याचाही विसर पडू नये. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात उत्तर प्रदेशचाही समावेश होता. देशात दर वीस जणांमागे एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा डिप्रेशन गाठतं आणि अशा नेहमीच्या मानसिक आजारांच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत, असं त्यातून दिसलं. म्हणजे गोळी सोडण्याचा प्रश्न हा मुळात गोळी मिळालेल्या थोड्या भाग्यवंतांचा. पण म्हणूनच तो नीट हाताळायला हवा. एकदा वाईट अनुभव आलेला माणूस पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही, आणि आपल्या अनुभवाने गल्लीतल्या आणखी चौघांना अडवतो.

नाव काय द्यायचं?

गोळी सोडल्यावर त्रास होतो, हे काही कालपरवा कळलेलं नाही. डिप्रेशनवरचं इमिप्रामिन हे औषध स्वित्झर्लंडच्या रोलांड कुन यांनी १९५७ मध्ये जगापुढे आणलं आणि ते थांबवल्यावर रुग्णांना त्रास होतो, अशा नोंदी १९५९ मध्येच वैद्यकीय नियतकालिकांत आल्या. डिसेंबर १९८७ मध्ये अमेरिकेत फ्लुऑक्सेटिनला, म्हणजे गाजलेल्या ‘प्रोझॅक’ला परवानगी मिळाली. पाठोपाठ त्याच घराण्यातली भावंडं आली. मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाशी निगडित म्हणून या घराण्याला एसएसआरआय म्हणतात. ती जुन्या औषधांपेक्षा सुरक्षित होती, डोस चुकून जास्त झाला तरी जिवावर बेतण्याची भीती कमी होती. त्यामुळे मनोविकारतज्ज्ञच नव्हे, नाक्यावरचे फॅमिली डॉक्टरही ती लिहून देऊ लागले.

मग सुरू झाली नावाची भानगड. डिसेंबर १९९६ मध्ये अमेरिकेत अॅरिझोनातल्या फिनिक्स शहरात तज्ज्ञांची एक बैठक झाली. खर्च प्रोझॅक बनवणाऱ्या एली लिली कंपनीचा. तिथे ‘विड्रॉवल’ऐवजी ‘डिसकंटिन्युएशन सिंड्रोम’, म्हणजे ‘औषध थांबवल्याने होणारा लक्षणसमूह’, हा सौम्य शब्द रूढ करण्यात आला. विड्रॉवल म्हटलं की लोकांना दारू-अफू आठवते, म्हणून हा खटाटोप. गंमत म्हणजे फ्लुऑक्सेटिन शरीरातून अतिशय सावकाश बाहेर पडत असल्याने ते सोडताना त्रास सर्वांत कमी होतो. तेव्हा इतरांच्या गोळ्या सोडताना काय होतं यावर चर्चा घडवून आणण्यात या कंपनीचं काहीच जाणार नव्हतं!

ऑक्टोबर २००२ मध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमात पॅरॉक्सेटिनवर एक भाग झाला. त्यानंतर प्रेक्षकांचे हजारो फोन आणि तेराशेहून अधिक ई-मेल आले. कित्येकांनी तोच डोक्यातल्या विजेचा अनुभव आपापल्या शब्दांत कळवला होता. पुढच्या वर्षी औषधाच्या ब्रिटनमधल्या माहितीपत्रकातून ‘या गोळ्यांचं व्यसन लागत नाही’ अशा अर्थाचा मजकूर निघून गेला. ब्रिटनमधल्या मनोविकारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने तर काही जणांना हा त्रास तीव्र आणि दीर्घकाळ होऊ शकतो, हे मे २०१९ मध्ये स्पष्टपणे मान्य केलं. म्हणजे साठ वर्षं गेली! रुग्ण काय सांगतात ते ऐकायला वैद्यकशास्त्राला कधीकधी फार उशीर होतो.

मग हे व्यसन आहे की नाही? व्यसनात माणूस पदार्थासाठी तळमळतो, दिवसेंदिवस मात्रा वाढवत नेतो, तो मिळवण्यासाठी घरातलं विकतो. एस्सिटालोप्रॅमसाठी असं कुणी करत नाही. पण शरीराला औषधाची सवय होते, हे खरं. वर्षानुवर्षं रोज सेरोटोनिनचा जास्तीचा पुरवठा मिळाल्यावर मेंदू त्या पुरवठ्याला धरून आपली घडी बसवतो. तो एका रात्रीत तोडला तर घडी विस्कटते. मॅटिनी संपवून अंधाऱ्या थिएटरातून भर दुपारच्या उन्हात आलं की डोळ्यांपुढे काजवे चमकतात, तसंच हे. फक्त डोळे मिनिटभरात सरावतात, मेंदूला आठवडे लागतात, काहींना महिने.

त्रास किती जणांना होतो, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. ब्रिटनमधल्या दोन संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात हे प्रमाण सरासरी ५६ टक्के होतं. २०२४ मध्ये जर्मन संशोधकांनी ७९ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा खरी गोळी सोडणाऱ्यांपैकी ३१ टक्क्यांना आणि खोटी, म्हणजे साखरेची गोळी सोडणाऱ्यांपैकीही १७ टक्क्यांना काही ना काही लक्षणं जाणवली होती. म्हणजे निव्वळ औषधामुळे होणारा त्रास साधारण सहा-सात जणांत एकाला, आणि फार तीव्र त्रास पस्तीसेक जणांत एकाला. यावर आक्षेप असा की त्यातले बरेच अभ्यास काही आठवडे किंवा महिनेच औषध घेतलेल्यांचे होते. पाच-दहा वर्षं गोळी घेणाऱ्यांचं काय? त्यांचा धोका जास्त असावा, याकडे पुष्कळ डॉक्टरांचा कल आहे. घरच्यांनी यातून एवढंच घ्यावं की अनेकांना काहीच होत नाही, म्हणून आधीच धास्तावू नये. आणि ज्याला होतं त्याला ‘तुझ्या मनाचं आहे’ म्हणून गप्प बसवू नये.

आजार उलटला की गोळी सुटल्याचा त्रास?

घराघरांत गफलत होते ती इथे, आणि तिची किंमत मोठी असते. गोळी सुटल्याचा त्रास आजार समजला गेला तर माणूस गरज नसताना वर्षानुवर्षं औषध घेत राहतो. उलट, खराखुरा परतलेला आजार ‘होईल दोन दिवसांत ठीक’ म्हणून दुर्लक्षिला गेला तर जिवावर बेतू शकतं.

काही खुणा मात्र पाहता येतात. पहिली खूण दिवसांची. गोळीचा त्रास बहुधा काही दिवसांतच सुरू होतो, तर आजार परततो तो सहसा आठवड्यांनी, महिन्यांनी, हळूहळू. अपवाद फ्लुऑक्सेटिनचा. ते शरीरात आठवडेच्या आठवडे रेंगाळत असल्याने त्याचा त्रासही उशिरा उगवू शकतो. दुसरी खूण लक्षणांची. डोक्यातले विजेचे झटके, तोल जाणं, मळमळ, फ्लूसारखी अंगदुखी ही मूळ आजारात नव्हती ना? मग ती नवीन कुठून आली, हा प्रश्न विचारायला हवा. तिसरी खूण डॉक्टरांच्या हातची. आधीचा डोस पुन्हा सुरू केल्यावर दोन-तीन दिवसांत चित्र पालटलं तर तो बहुधा गोळी सुटल्याचाच त्रास असतो. परतलेलं डिप्रेशन इतक्या लवकर हटत नाही, त्याला काही आठवडे लागतात.

उदासी, रडू आणि घालमेल मात्र दोन्हींत सारखीच, आणि घोळ होतो तो तिथेच. त्यामुळे साध्या वहीत तारीख, गोळीचा डोस, झोप आणि त्या दिवशीचा त्रास असं चार शब्दांत रोज टिपून ठेवलं तर डॉक्टरांना पुढच्या खेपेला त्या दोन-चार मिनिटांतही बरंच कळतं. ‘मध्ये काही दिवस बरं नव्हतं’ एवढ्यावरून त्यांनी तरी काय ओळखावं?

शेवटच्या पायऱ्या उंच असतात

गड उतरताना वरचा उतार अवघड असतो आणि पायथ्याशी वाट सपाट होते. डिप्रेशनची गोळी उतरवताना नेमकं उलटं घडतं. हे गणित लंडनमधले मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांनी २०१९ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’ या नियतकालिकात मांडलं. यातले होरोविट्झ स्वतः मनोविकारशास्त्रातले संशोधक, आणि आपलीच गोळी सोडताना पोळलेले. सिटालोप्रॅम या औषधाचं उदाहरण घ्या. २० मिलिग्रॅमचा डोस मेंदूतल्या सेरोटोनिनच्या संबंधित जागांपैकी सुमारे ८० टक्के व्यापतो. डोस निम्म्याहून कमी, म्हणजे ९ मिलिग्रॅमवर आणला तरी ७० टक्के जागा व्यापलेल्याच राहतात. साडेपाचच्या आसपास ६० टक्के. पण पुढे घसरण सुरू होते. सव्वादोन-अडीच मिलिग्रॅमलाही ४० टक्के जागा व्यापलेल्या असतात, आणि तिथून गोळी बंद केली की मेंदू एका उडीत चाळीसवरून शून्यावर आदळतो.

म्हणूनच ‘२० ची १० केली, काही झालं नाही; १० ची ५ केली, काही झालं नाही; ५ बंद केली आणि आडवा झालो’ अशी तक्रार येते, तेव्हा ती अगदी शास्त्राला धरून असते. उतरण जसजशी तळाशी येईल तसतशी पावलं लहान हवीत. जून २०२२ मध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’ या सरकारी संस्थेने डिप्रेशनवरच्या आपल्या मार्गदर्शनात हेच सांगितलं : आधीच्या डोसच्या ठरावीक हिश्शाने कमी करत जा, खालच्या डोसना आणखी लहान टप्पे घ्या, आणि एका टप्प्याचा त्रास निवल्याशिवाय पुढचा घेऊ नका. काहींचं हे काम काही आठवड्यांत उरकतं, काहींना कित्येक महिने लागतात. नेदरलँड्समध्ये यासाठी रोज किंचित कमी होत जाणाऱ्या डोसच्या तयार पट्ट्या मिळतात. आपल्याकडे अजून ब्लेडने गोळीचे तुकडे करण्यावरच भागवावं लागतं.

तुकडे करण्याबद्दलही एक सावधगिरी. ज्या गोळीवर ‘एक्सआर’, ‘ईआर’, ‘सीआर’ अशी अक्षरं असतात, ती पोटात सावकाश विरघळेल अशा बेताने बनवलेली असते. ती कुटली किंवा चावली तर दिवसभराचं औषध एकदम अंगात उतरू शकतं. डॉक्टरांना आणि केमिस्टला विचारल्याशिवाय अशा गोळीला हात लावू नये.

‘एक दिवसाआड घ्या’ हा सल्लाही बराच लोकप्रिय आहे. ऐकायला सोपा आणि गोळीचे तुकडे करण्याचीही कटकट नाही. पण पॅरॉक्सेटिनसारखं औषध साधारण एका दिवसात निम्मं उतरतं, व्हेन्लाफॅक्सिन तर काही तासांतच. एक दिवस भरती, एक दिवस ओहोटी असा प्रकार होतो आणि मेंदूला रोजच झोके बसतात. रोज थोडं कमी, पण रोज, हे अशा औषधांसाठी बरं. मुळात ही दोन औषधं सोडायला सर्वांत हट्टी. काही वेळा डॉक्टर त्यांच्याऐवजी आधी फ्लुऑक्सेटिन सुरू करून मग ते उतरवतात. हा डाव मात्र फक्त त्यांनीच खेळायचा.

आपल्याकडे आणखी एक धोका आहे आणि त्याबद्दल घरांत फारसं कुणाला माहीत नसतं. भारतात एस्सिटालोप्रॅम आणि क्लोनॅझेपाम एकाच गोळीत घालून सर्रास विकतात. पहिलं डिप्रेशनवरचं, दुसरं घालमेल आणि झोपेसाठीचं. रुग्णाला वाटतं आपण एकच गोळी घेतो. ती थांबवली की दोन औषधं एकदम थांबतात. क्लोनॅझेपामच्या जातीच्या औषधांची सवय मात्र खऱ्या अर्थाने लागते आणि ती बराच काळ घेऊन एकदम बंद केली तर फिट्सुद्धा येऊ शकतात. अॅमिट्रिप्टिलिन आणि क्लोरडायझेपॉक्साइडची जुनी जोडगोळीही अशीच. त्यामुळे स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरं आजच चष्मा लावून वाचावीत. तिथे दोन नावं दिसली तर दोन्ही औषधं वेगवेगळी करून, एकेक करून उतरवायची का, हे डॉक्टरांना विचारावं.

रोजे, हकीम आणि धुकं

लखनौमध्ये रमझानचा महिना आला की मोठ्या वस्तीचं दिवसाचं घड्याळ बदलतं. रोजे धरणारे कित्येक जण दिवसाची गोळी सोडून देतात आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली चक्कर उपासावर घालतात. खरं तर यातल्या पुष्कळ गोळ्या दिवसातून एकदाच घ्यायच्या असतात. डॉक्टरांशी आधी बोलून ती वेळ पहाटेच्या सहरीला किंवा संध्याकाळच्या इफ्तारला नेता येते. दोनदा घ्यायची असेल तर महिनाभर आधी विचारावं. नवरात्राच्या कडक उपासांनाही हेच लागू.

हे शहर युनानी वैद्यकाचंही. हकीम अब्दुल अझीझ यांनी १९०२ मध्ये काढलेलं तकमील-उत-तिब हे महाविद्यालय इथलंच. काळजात धडधड आणि मनाची मलूलता यांना युनानीत स्वतंत्र नावं आहेत, उपचार आहेत. अॅलोपॅथीला कंटाळलेला रुग्ण हकीमसाहेबांकडे किंवा वैद्यांकडे जातो आणि नवं औषध सुरू करताना जुनं त्याच दिवशी फेकतो. चौथ्या दिवशी चक्कर आली की दोष नव्या औषधावर जातो. यात वैद्यक कोणतं, हा मुद्दाच नाही. जुनी गोळी घेत होतो, ही गोष्ट नव्या वैद्यांना न सांगण्यात खरी गोम असते.

गोळी उतरवायला सुरुवात केव्हा करावी? एकदाच डिप्रेशन येऊन गेलं असेल तर पूर्ण बरं वाटू लागल्यावरही किमान सहा महिने औषध चालू ठेवावं, असा सर्वसाधारण संकेत आहे. वारंवार येत असेल तर त्याहून बराच जास्त काळ. मुलाच्या लग्नाचा महिना, बदलीचा महिना, घरात कुणाचं आजारपण, अशा वेळी हा उद्योग आरंभू नये. लखनौच्या डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे सूर्य दिवसेंदिवस दिसत नाही. ज्यांचं मन हिवाळ्यात मुळातच खचतं त्यांनी होळीपर्यंत थांबलेलं बरं. चक्कर येत असलेल्या दिवसांत स्कूटर चालवू नये, दारू टाळावी, झोपायची-उठायची वेळ मोडू नये. आणि घरातल्या निदान एका माणसाला सांगावं की अमुक तारखेपासून गोळी कमी करतेय, चिडचिड झाली तर समजून घे. हे एवढं एक वाक्य न बोलल्यामुळे अनेक घरांत भांडणं पेटतात.

दिवस गेले असतील तर गोळी चालू ठेवायची की बदलायची, याचा निर्णय डॉक्टरांनी बाईंशी बोलून घ्यायचा असतो. काही गोळ्या गरोदरपणात टाळतात, काही चालतात. आईचा आजार बळावणं हेही बाळासाठी धोक्याचंच असतं. म्हणून घाबरून त्याच रात्री गोळ्या फेकू नयेत, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना गाठावं.

आणि प्रत्येकाने सोडलीच पाहिजे, असंही नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये इंग्लंडमधल्या ४७८ रुग्णांवरच्या एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सगळे दीर्घकाळ गोळी घेणारे आणि सोडायला तयार असलेले. वर्षभरात गोळी चालू ठेवणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांना, तर सावकाश बंद करणाऱ्यांपैकी ५६ टक्क्यांना डिप्रेशनने पुन्हा गाठलं. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचता येतात. गोळीने संरक्षण मिळतं हे दिसतं, आणि गोळी सोडूनही ४४ टक्के लोक वर्षभर ठीक राहिले, हेही दिसतं. ज्याला तीन-चार वेळा आजार झाला, ज्याने कधी जीव देण्याचा प्रयत्न केला, त्याने वर्षानुवर्षं गोळी घेण्यात कमीपणा कसला? रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या सासऱ्यांना कुणी ‘कधी सोडणार?’ असं रोज विचारत नाही.

गोळी कमी होत असताना तिची जागा घ्यायला दुसरं काहीतरी लागतं. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ४२४ रुग्णांच्या अभ्यासात, मनाकडे सजगपणे पाहायला शिकवणारी उपचारपद्धती घेत गोळी उतरवणारे आणि गोळी चालूच ठेवणारे यांच्यात दोन वर्षांत आजार परतण्याचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं, ४४ आणि ४७ टक्के. म्हणजे समुपदेशन ही चैन नव्हे. लखनौला याचं एक जुनं उदाहरणही आठवतं, गोळ्यांच्या आधीच्या काळातलं. १९४५ मध्ये बॅरिस्टर अब्बासींशी लग्न झाल्यावर बेगम अख्तर यांचं गाणं सुटलं. पुढे आईच्या मृत्यूनंतर त्या खचत गेल्या आणि त्यांना पुन्हा गाऊ द्यावं, असा सल्ला घरच्यांना मिळाला. १९४९ मध्ये लखनौच्या आकाशवाणी केंद्रावर त्या परत गायल्या. सगळ्यांनाच गळा नसतो, पण पहाटे गोमतीकाठी चालायला जायला गळा लागत नाही.

उतरवताना एखाद्या टप्प्यावर त्रास सोसवेना तर डॉक्टरांना विचारून आधीच्या पायरीवर परत जाता येतं, तिथे थोडं थांबून पुढचं पाऊल आणखी लहान टाकता येतं. वर्षाअखेरीला गोळी सुटली काय आणि सहा महिन्यांत सुटली काय, शर्यत नाही. मात्र काही गोष्टींसाठी पुढच्या ओपीडीची वाट पाहायची नसते. जगण्यात अर्थ नाही असं माणूस बोलू लागला, निरवानिरवीची भाषा करू लागला, सलग रात्री न झोपता अस्वस्थ येरझारा घालू लागला, किंवा उलट एकाएकी अतोनात उत्साहात येऊन बेफाम पैसे उधळू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. फिट आली तर थेट हॉस्पिटल. रात्री-अपरात्री कुणी हाताशी नसेल तर १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही हेल्पलाइन आहे. नंबर १४४१६. फोन फुकट, चोवीस तास चालू, आणि पलीकडचा माणूस मराठीतही बोलतो, हिंदीतही.